पाण्याचा ठाव : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी नौदलाच्या सर्व्हे जहाजांवर काढलेल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. परक्या देशाच्या बंदरात जायचं, तिथल्या पाण्याची खोली मोजायची आणि त्या मोजणीवरून त्यांना नकाशे करून द्यायचे, असं ते काम. लिहिता लिहिता ‘संरक्षण सहकार्य’ असा एक भारदस्त शब्द माझ्या हातून निसटला आणि पत्रं आली ती बहुतेक त्या शब्दावर. नकाशाबद्दल विचारणारं एकच पत्र आलं, ते शेवटी घेतलंय.

आधीच सांगतो, मी परराष्ट्र धोरणाचा जाणकार नव्हे. देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून सर्व्हे रेकॉर्डर म्हणून भरती झालो, मास्टर चीफ होऊन उतरलो आणि आता वास्कोत राहतो. जे हाताखालून गेलं ते खात्रीनं सांगीन. बाकीचं माझं मत, ते मत म्हणूनच घ्या.

‘मलबार’, ‘वरुण’, ‘दोस्ती’ असे नौदल आणि तटरक्षकांचे सराव होतात. पेपरात जहाजांच्या रांगेचे फोटो येतात, चार दिवसांनी सगळे आपापल्या घरी जातात. यातून आसपासच्या देशांत शांतता कशी नांदते? की हा नुसता मानपान?
– निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण

गुरुजी, त्या रांगेच्या फोटोवर माझाही जीव नाही. तो शेवटच्या दिवशी काढतात आणि त्यासाठी सकाळपासून आमच्याकडून डेक घासून घेतात. सरावाचा खरा भाग बघायला कंटाळवाणा असतो. दोन जहाजं एकमेकांपासून चाळीस-पन्नास मीटरवर सारख्या वेगानं चालतात आणि एकाकडून दुसऱ्याला तेलाची नळी जाते. त्यांच्या नळीचं तोंड आपल्याला बसतं का? त्यांचा रेडिओवाला ‘थांबा’ म्हणायला कोणता शब्द वापरतो? त्यांचं हेलिकॉप्टर आपल्या डेकवर उतरवायचं तर आपल्या माणसानं हात कसे हलवायचे? या गोष्टी संकट आल्यावर ठरवता येत नाहीत. पंगत बसल्यावर आचारी शोधायला कुणी निघत नाही.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा मी दुसऱ्या कामावर होतो, पण आमच्या शाखेतली माणसं त्यात होती. आपली स्वतःची अंदमान-तमिळनाडूची किनारपट्टी झोडपलेली असताना नौदलानं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशिया अशा तिन्ही दिशांना जहाजं काढली. ‘जमुना’ श्रीलंकेकडे गेलं, ‘निरूपक’ इंडोनेशियातल्या म्युलाबोकडे. दोन्ही सर्व्हे जहाजं, आणि दोन्ही गेली ती रुग्णालय बनून. लोक विचारतात, सर्व्हेचीच का? एक तर या जहाजांवर जागा असते. छोट्या होड्या असतात, हेलिकॉप्टर असतं. आणि दुसरं म्हणजे लाटेनं बंदराचा तळच ढवळून टाकलेला असतो. बुडालेले ट्रॉलर, तुटलेल्या धक्क्याचे खांब, वाहून आलेली रेती. कालचा नकाशा आज खोटा. अशा वेळी खोली मोजत मोजत आत शिरणारा कुणीतरी पुढे लागतो, त्याच्या मागून मदतीची जहाजं जातात.

त्या दिवसांत भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांनी मदतीचं काम आपसात वाटून घेतलं. आज ज्याला ‘क्वाड’ म्हणतात त्याचं बी तिथे पडलं. पण बघा, अमेरिकेबरोबर ‘मलबार’ १९९२ पासून सुरू होता. नळ्या तोवर जुळलेल्या होत्या.

मानपानाचं म्हणाल तर तोही आहेच. १९९८ ला पोखरण झालं आणि अमेरिका रुसली, ‘मलबार’ बंद. २००२ ला रुसवा निघाला, सराव पुन्हा सुरू. २०१५ पासून जपान कायमचा आला, २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया परतला. कोण कुणाच्या पंगतीला बसतो हे बघायला तिसरा शेजारी खिडकीत उभा असतोच, आणि त्यानं बघावं म्हणूनही काही पंगती उठतात. मला विचाराल तर मला ‘दोस्ती’ जास्त आवडतो. आपलं आणि मालदीवचं तटरक्षक दल १९९१ पासून तो करतं, पुढे श्रीलंकाही आली. त्यात बुडणाऱ्याला काढणं, तेलगळती आवरणं, लागलेली आग विझवणं असलीच कामं. फोटो फारसे येत नाहीत.

माझा मुलगा नौदलात तांत्रिक शाखेत आहे. मॉरिशसला त्याची प्रतिनियुक्ती होण्याची शक्यता आहे. तिथे आपलं लष्कर काय करतं? तिथे युद्ध होईल का? त्याच्या बाबांना विचारलं तर ते ‘मजा आहे त्याची’ म्हणतात, मला काही कळत नाही.
– एक आई, कराड

ताई, युद्धाची चिंता सोडा. मॉरिशसला स्वतःचं सैन्यच नाही. त्यांचं ‘नॅशनल कोस्ट गार्ड’ हे १९८७ साली उभं राहिलेलं दल त्यांच्या पोलिसांचा भाग आहे, आणि त्याचा प्रमुख म्हणून भारतीय नौदलातला अधिकारी पाठवण्याची पद्धत आहे. तंत्रज्ञही आपल्याकडून जातात. इंजिन, रडार, विमानाची देखभाल यांत मुलाचे दिवस जातील. बहुतेक काम ग्रीस आणि पान्याचं.

त्यांना आपली माणसं का लागतात ते सांगतो. मॉरिशसची जमीन जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि ज्या समुद्रावर त्यांचा हक्क चालतो तो सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावून वर उरेल एवढा. साडेबारा लाख वस्तीच्या देशानं एवढ्या पाण्याची राखण कशी करावी? कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेलं ‘बाराकुडा’ हे गस्ती जहाज त्यांनी घेतलं, ते १२ मार्च २०१५ ला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, पोर्ट लुईत दलात आलं. भारतात बांधून परदेशाला विकलेलं ते पहिलं लढाऊ जहाज. ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ या गस्ती नौका तर इथल्या, माझ्या घरापासून दोन बस थांब्यांवरच्या गोवा शिपयार्डच्या. विकून झाल्यावर सुटे भाग कोण देणार, बिघाड कोण काढणार? तिथे तुमच्या मुलासारखी माणसं लागतात.

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ नावाचं प्रचंड मालवाहू जहाज त्यांच्या प्रवाळाच्या कड्यावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल निळ्या पाण्यात सुटलं. शाळेतली पोरं, कोळी, बायाबापड्या उसाची वाळकी पानं भरलेल्या लांब पिशव्या शिवून तेल अडवत होती. आपल्याकडून हवाई दलाच्या विमानानं तीस टनांहून जास्त सामान आणि तटरक्षक दलाची दहा माणसं गेली. तिथे असलं युद्ध असतं.

मुलाच्या जेवणाचंही मनात असेल. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, ताई. पोर्ट लुईच्या बाजारात मी एका म्हाताऱ्या दुकानदाराशी इंग्रजीत घासाघीस करत होतो. माझ्या शर्टाच्या खिशात गणपतीचं कॅलेंडर दिसलं तसा तो थांबला आणि मराठीत म्हणाला, “तुमी कोकणचे?” पुढचं त्याचं बोलणं निम्मं तिथल्या क्रिओल बोलीत होतं, मला काही उमगलं नाही. पण ‘सुखकर्ता’ त्यानं अडखळल्याशिवाय म्हणून दाखवली. टोमॅटोचे पैसे पूर्ण घेतले, हेही सांगितलं पाहिजे.

मालदीवसाठी भारतानं एवढं केलं, तरी तिथे ‘इंडिया आउट’ म्हणून मोर्चे निघाले आणि आपल्या जवानांना परत पाठवलं. मग आपण जावंच कशाला? आमच्या कॉलेजमध्ये यावर वादविवाद आहे, मला विरोधी बाजू मिळाली आहे.
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

वादविवादासाठी विचारते आहेस म्हणून दोन्ही बाजूंचं देतो, वापरायचं ते वापर.

आपली बाजू तुला माहीत असेल. ३ नोव्हेंबर १९८८ ला श्रीलंकेतल्या एका तमिळ गटाचे ऐंशीएक भाडोत्री बंदूकधारी मालदीवच्या राजधानीत, माले शहरात उतरले. राष्ट्राध्यक्ष गय्यूम लपून बसले आणि मदतीसाठी फोन फिरवू लागले. त्याच रात्री आग्र्याहून आयएल-७६ विमानं आपले पॅराट्रूपर घेऊन मालेजवळच्या हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. बंडखोर ओलीस घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ या जहाजातून पळाले, त्यांना आपल्या ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’ या युद्धनौकांनी समुद्रात गाठलं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लाखभर लोकांच्या नळाला पाणी येईना. हवाई दलानं बाटल्या नेल्या, ‘सुकन्या’ जहाज बंदरात उभं राहून स्वतःच्या यंत्रावर पाणी तयार करून देत राहिलं. पुढे आपण दिलेली दोन ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान दूरच्या बेटांवरून रोग्यांना उचलून आणत.

आता मालेतल्या तुझ्या वयाच्या मुलीच्या जागी बस. १९८८ तिनं पाहिलेलं नाही. तिच्या देशाची सगळी जमीन एकत्र केली तर तीनशे चौरस किलोमीटर, मुंबईच्या निम्मी. त्यात परक्या गणवेशातली सत्तर-ऐंशी माणसं. हेलिकॉप्टर मालदीवचं म्हणायचं, पण उडवणारे भारतीय. करारांत नेमकं काय लिहिलंय ते लोकांना नीट सांगितलेलं नाही. घरात पाहुणा कितीही भला असो, तो किती दिवस राहणार हे घरच्या पोरांना ठाऊक नसलं की कुजबुज सुरू होतेच. राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू २०२३ मध्ये याच कुजबुजीवर निवडून आले. १० मे २०२४ पर्यंत आपले जवान परतले आणि त्यांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे साधे कपडे घातलेले तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टरं तिथेच राहिली, रोगी उचलणं चालू राहिलं. म्हणजे राग यंत्रावर नव्हता, गणवेशावर होता.

मला स्वतःला लागलं ते दुसरंच. समुद्राच्या सर्व्हेचा जो करार ८ जून २०१९ ला झाला होता तो त्यांनी पुढे वाढवला नाही. कारण दिलं की आमच्या समुद्राची माहिती आमच्या हातात राहिली पाहिजे. ते वाचून मी दोन दिवस घरात कुणाशी नीट बोललो नाही. आम्ही उन्हात करपून ज्या रेघा ओढल्या त्यांच्यावर हा संशय?

मग शांतपणे विचार केला. सर्व्हेत आम्ही नुसती खोली मोजत नाही. पाण्याचं तापमान, खारटपणा, ध्वनीचा वेग हेही नोंदवतो, कारण त्याशिवाय खोलीचा आकडा बरोबर येत नाही. आणि हेच आकडे पाणबुडीला लपायला आणि पाणबुडी शोधायलाही लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनचं ‘शियांग यांग होंग ०३’ हे संशोधन जहाज मालेला लागलं तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला, आणि तो याच कारणासाठी झाला. श्रीलंकेनं तर त्या वर्षी सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना बंदी केली, चिनी आणि बिगरचिनी असा भेद केला नाही. जो मुद्दा आपण चीनच्या जहाजाबद्दल मांडतो तोच मालेतल्या माणसानं आपल्याबद्दल मांडला तर तो झोंबतो, पण खोटा म्हणता येत नाही.

आणखी एक, हे वादविवादात वापरू नकोस, नुसतं ऐक. एका बेटांच्या देशात आम्ही सर्व्हे करत होतो. आमच्या होडीत त्यांच्या तटरक्षक दलाचा एक शिकाऊ पोरगा दिलेला, विशी-बाविशीचा. जुन्या नकाशावर एका ठिकाणी सहा मीटर पाणी दाखवलेलं. पोरगा म्हणाला, इकडून नको, इथे खडक आहे. मी विचारलं, मोजलंस? म्हणाला, नाही, पण माझे वडील इकडून होडी नेत नाहीत. मी तेव्हा पंधरा वर्षं मुरलेला, माझ्याकडे नकाशा, माझ्याकडे यंत्र. मोजणीसाठी आखलेली रेघ सोडायची नाही म्हणून होडी सरळ घेतली. होडीचा पंखा प्रवाळात असा अडकला की दोन पाती वाकडी झाली आणि आम्ही भरतीची वाट बघत साडेतीन तास उन्हात बसलो. पोरगा एक अक्षर बोलला नाही. त्यानं स्वतःच्या डब्यातला भात आणि सुका मासा आम्हाला वाढला. जहाजावर परतल्यावर मी काय ऐकून घेतलं ते इथे छापण्यासारखं नाही. त्या खडकाची नोंद आता नकाशावर आहे आणि ती त्याच्या बापाच्या भरवशावर आहे.

मुइझ्झूंचं पुढे काय झालं तेही बघून ठेव. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते दिल्लीला आले, आणि जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. विरोधी बाजूला हे अडचणीचं ठरेल, समोरची टीम हे काढणारच.

माझे पणजोबा रत्नागिरीकडून इथे उसाच्या मळ्यावर आले. अगालेगा बेटावर भारतानं लांब धावपट्टी आणि धक्का बांधला आहे. आमच्यातले काहीजण खूश आहेत, काहीजण म्हणतात की दिएगो गार्सियासारखं होईल. तुम्ही नौदलात होता, खरं काय ते सांगा.
– एक वाचक, वाक्वा, मॉरिशस

भाऊ, तुमचं पत्र रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत होतं, आमच्या संपादकांनी ते देवनागरीत उतरवलं. वाचून आनंद झाला.

इथल्या वाचकांना थोडी पार्श्वभूमी देतो. चागोस बेटं मॉरिशसचीच होती. १९६८ ला स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्येच, ब्रिटिशांनी ती तोडून घेतली आणि त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. १९६८ ते १९७३ या काळात तिथली सगळी माणसं बोटींत भरून बाहेर काढली. नारळाच्या बागा, घरं, चर्च, कबरी सगळं मागे ठेवून. म्हणून त्या नावाची धास्ती मॉरिशसच्या माणसाला पुस्तकातून शिकवावी लागत नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत यावर मतदान झालं तेव्हा भारत मॉरिशसच्या बाजूनं उभा राहिला. मे २०२५ मध्ये ब्रिटननं बेटांचा हक्क मॉरिशसला परत देणाऱ्या करारावर सही केली, पण त्या करारातसुद्धा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तिथेच राहायचा आहे.

अगालेगाची वस्ती तीनशेच्या आसपास, मुख्य बेटापासून हजारभर किलोमीटर उत्तरेला. पूर्वी तिथला कुणी अत्यवस्थ झाला की विमानाचीच वाट बघायची. धावपट्टी आणि धक्का यांचं उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी पडद्यावरून केलं. दोन्ही सरकारं म्हणतात, हा लष्करी तळ नाही.

आता तुम्ही खरं विचारलंय. तीन किलोमीटर लांब धावपट्टी डॉर्नियरसारख्या लहान विमानाला लागत नाही. ती लागते ती समुद्रावर लांब गस्त घालणाऱ्या मोठ्या विमानाला. हे लपवून उपयोग नाही, कारण नकाशा बघणाऱ्या कुणालाही ते कळतं. त्या विमानांनी तुमचे चोरटे मासेमार पकडले तर तुमचाच फायदा, आणि मोझांबिकच्या सामुद्रधुनीकडून येणाऱ्या जहाजांवर नजर राहिली तर आमचा. पण तळ आणि सोय यांतला फरक धावपट्टीच्या लांबीत नसतो. तो किल्ली कुणाकडे आहे यात असतो. बेटावरच्या तीनशे माणसांना विमानाचं तिकीट मिळतं का, तिथल्या पोरांना कामं मिळतात का, कुणाला घर सोडायला सांगितलंय का, हे तुमच्या खासदाराला दर सहा महिन्यांनी विचारत राहा. आमच्या सरकारलाही त्याचा राग येऊ नये. आलाच तर ज्यांना धास्ती वाटत होती त्यांचं बरोबर होतं असं समजा.

आमका काय ह्याचा? दिल्लीत करार होतत, सेशेल्साक बोटी दितत, आणि हय आमच्या रापणीत मासो नाय.
– पारंपरिक मच्छीमार, मालवण

तुझ्या रापणीचो मासो कोण नेता तां तुकाय म्हायत आसा आणि माकाय. रात्री एलईडीचा झोत लावून येणारे आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे घेरणारे आपलेच. त्यासाठी सेशेल्सला, त्या हिंद महासागरातल्या बेटांच्या देशाला, बोल लावू नको.

पण तुझाच धंदा करणाऱ्या सहा जणांची गोष्ट सांगतो. जानेवारी २०२४. श्रीलंकेची ‘लोरेन्झो पुथा ४’ नावाची मासेमारी होडी, सहा खलाशी, खोल समुद्रात गेलेली. सोमालियाच्या चाच्यांनी ती पळवली. श्रीलंकेचं नौदल तिथून फार लांब. गुरुग्रामला आपल्या नौदलाचं एक माहिती केंद्र आहे, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. तिथे हिंद महासागरात कुठलं जहाज कुठे चाललंय ते बघत बसतात, आणि श्रीलंका, सेशेल्स, मॉरिशस, मालदीव, फ्रान्स, अमेरिका अशा देशांचे अधिकारी त्याच इमारतीत बसून असतात. श्रीलंकेच्या अधिकाऱ्यानं सेशेल्सच्या अधिकाऱ्याला गाठायला दोन परराष्ट्र खात्यांमधून चिठ्ठी पाठवायची गरज नाही, खुर्ची वळवली की झालं. आपलं ‘शारदा’ जहाज आणि टेहळणीचं ड्रोन शोधाला लागलं. होडी सेशेल्सच्या हद्दीत सापडली आणि तिला आडवं गेलं सेशेल्सचं ‘टोपाझ’. तीन चाचे शरण आले, सहाही मच्छीमार जिवंत घरी गेले.

हे ‘टोपाझ’ कुठून आलं माहीत आहे? आपल्या नौदलाचं ‘तारमुगली’, २००५ मध्ये सेशेल्सला भेट दिलेलं. तेव्हाही आपल्याकडे बरेचजण म्हणत होते, आपल्याला कमी आहेत आणि त्यांना कशाला वाटता. मीही म्हणत होतो.

तुमच्याकडची किती पोरं मर्चंट नेव्हीत आहेत ते तूच मोज. जानेवारी २०२४ मध्येच ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजावर चाचे चढले तेव्हा आतल्या २१ माणसांत १५ भारतीय होते. आपलं ‘चेन्नई’ जहाज पोचलं, कमांडो चढले, सगळे सुखरूप निघाले. मार्चमध्ये चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ जहाज सोडवलं, आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर, चाळीस तास खेळवून. ३५ चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले.

चुकाही झाल्यात. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखाताकडे आपल्या ‘ताबर’नं चाच्यांचं जहाज म्हणून एक बोट बुडवली. मागाहून कळलं की ती चाच्यांनीच पळवलेली थायलंडची मासेमारी बोट होती, खलाशी आतच होते. तेव्हा असं गुरुग्रामसारखं केंद्र नव्हतं. असतं तर ते मच्छीमार वाचले असते असं मी छातीठोक सांगणार नाही. पण खुर्ची वळवून विचारता आलं असतं.

अमेरिका, चीन, फ्रान्स यांचे हिंद महासागरात तळ आहेत. आपण उगाच भेटी देत आणि पाणी वाटत फिरतो. सरळ तळ का नाही बांधत?
– निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

साहेब, एकदा बांधायला गेलो होतो. सेशेल्सचं अझम्पशन बेट. २०१५ ला करार, २०१८ च्या जानेवारीत सुधारून पुन्हा सह्या. तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन नको म्हटलं आणि विरोधी पक्षाचं बहुमत असलेल्या त्यांच्या संसदेनं तो मंजूरच केला नाही. जवळच अल्दाब्रा आहे, महाकाय कासवांचं जागतिक वारसा असलेलं बेट. कासवांमुळे एका मोठ्या देशाचा तळ अडला असं कुणी हसत म्हणालं, तर मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

आणि श्रीलंका विसरू नका. १९८७ ला आपली शांतिसेना करारानं, त्यांच्याच सरकारच्या बोलावण्यावरून गेली. तीन वर्षांत सुमारे बाराशे जवान गमावून १९९० ला परतली, तोवर तिकडचं सरकार आणि तमिळ बंडखोर, दोघंही आपल्याला जा म्हणत होते. माझ्या मामाचा मुलगा त्यात होता. तो परत आला, पण त्यावर बोलत नाही.

काका, बोट लागते का तुम्हाला? – इयत्ता सातवी, सांगली

हो. शेवटच्या दिवसापर्यंत. आल्याचा तुकडा दाताखाली धरायचा आणि क्षितिजाकडे बघायचं. पुस्तक वाचायचं नाही.

तुम्ही मोजून काढलेले ते नकाशे आता कुठे असतात? त्यावर तुमचं नाव असतं का?
– गृहिणी, देवरुख

हेच ते एकमेव पत्र.

नाव नसतं, वहिनी. आम्ही होडीतून आणलेली मोजणी देहरादूनला नौदलाच्या जलालेखन कार्यालयात जाते. समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशी तयार होतात, याची गंमत मला अजून वाटते. तिथे ती तपासतात, जुन्या आकड्यांशी ताडून बघतात, शंका आली तर पुन्हा मोजायला पाठवतात. परक्या देशाचा नकाशा असेल तर त्यांच्या सरकारला तो देतात. त्या देशांची पोरं हे काम शिकायला आमच्या वास्कोतल्या संस्थेत येतात. संध्याकाळी चार-पाच देशांची पोरं बायणाच्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळत असतात. त्यात टांझानियाचा एक गोलकीपर होता, आमच्या गल्लीतल्या मुलांनी त्याला जाताना टोपी भेट दिली.

आमच्या लहानपणी आजोबा खोली मोजायचे ती वावेनं. दोरीला शिसं बांधून सोडायचं आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून वावा मोजायच्या. यंत्र आलं तरी आकडा खरा की खोटा हे कळायला आम्ही कधी कधी अजून दोरी सोडतो.

नकाशाच्या कोपऱ्यात एक लहानसा तक्ता असतो. कुठला भाग कोणत्या वर्षी मोजला ते त्यात रेघा मारून दाखवतात. माझा पुतण्या मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. मागच्या वर्षी त्याचं जहाज पोर्ट लुईला लागलं तेव्हा त्यानं त्या तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, “काका, हे साल तुमचं ना?” चष्मा लावून बघितलं. होतं.